दुष्काळाच्या गोष्टी आणि पाण्याची वाटणी

आपल्या विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त ही स्मरणिका निघत आहे. संपादक मंडळाने मला सांगितले की, तुम्ही इतिहासावर काहीतरी लिहा. मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही. दहावीनंतर शाळा सुटली, १९८८ साली गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो आणि पुढचे सगळे शिक्षण पाळी सुटल्यावर वाचनालयात आणि चळवळीच्या शिबिरांत झाले. तेव्हा यात पांडित्य शोधू नये. जे वाचले, जे आईकडून ऐकले आणि जे या वस्तीत डोळ्यांनी पाहिले, तेच मांडणार आहे.

विषय पावसाचा घेतला आहे. कोणी म्हणेल, विहाराच्या स्मरणिकेत पाऊस कशाला? पण विचार करा. आपल्यापैकी निम्म्याहून जास्त घरे या नदीकाठी आली ती दुष्काळामुळे आली. इथे आल्यावर २००५ साली याच घरांत पाणी शिरले. गावाला पाणी नाही म्हणून निघालो आणि शहरात पाण्याने घेरलो! आता शास्त्रज्ञ सांगतात की हवामान बदलत आहे, पाऊस एक तर दडी मारील नाहीतर एकदम कोसळेल. अशा वेळी समाज कसा वागतो? मला असे दिसले की, समाज हवामान खात्याचे आकडे पाहून वागत नाही. तो आपल्या घरात, आपल्या गावात ज्या गोष्टी सांगितल्या जातात त्यांप्रमाणे वागतो. आणि त्या गोष्टी कोणी रचल्या, कोणाच्या सोयीच्या आहेत, हे आपण क्वचितच विचारतो. ते विचारावे म्हणून हा लेख.

मंगळवेढ्याच्या दोन गोष्टी

माझे मूळ गाव सोलापूर जिल्ह्यात, मंगळवेढे तालुक्यात. काळी कसदार जमीन, ज्वारीचे कोठार म्हणून नाव. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला आता सरकारी मानांकनही मिळाले आहे. पण पाऊस मात्र बेभरवशाचा. या मंगळवेढ्याच्या दोन गोष्टी लहानपणी आम्ही ऐकल्या. एक चोखोबाची आणि एक दामाजीपंतांची.

चोखामेळा मंगळवेढ्याचे राहणारे. गावकुसाचे बांधकाम चालले होते, त्या कामावर महारांना वेठीने लावले होते. कूस ढासळले आणि चोखोबा व इतर मजूर त्याखाली गाडले गेले. हे साल १३३८ असे सांगतात. पुढे नामदेवांनी ढिगाऱ्यातून हाडे शोधली, ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबाची म्हणून ओळखली आणि पंढरपूरला महाद्वारासमोर समाधी बांधली. महाद्वारासमोर, आत नव्हे. आत जायला अस्पृश्यांना १९४७ साल उजाडावे लागले, त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले.

दुसरी गोष्ट दामाजीपंतांची. बहामनी राजवटीत, पंधराव्या शतकात मोठा दुष्काळ पडला. दामाजीपंत मंगळवेढ्याचे अंमलदार. लोक अन्नान्न करीत मरू लागले तेव्हा त्यांनी बादशहाची कोठारे उघडून धान्य वाटले. बेदरच्या बादशहाने त्यांना धरून आणायला शिपाई पाठवले. तेव्हा विठोबाने म्हणे विठू महाराचे रूप घेतले, खांद्यावर घोंगडी टाकली, बेदरला जाऊन धान्याचे पैसे भरले आणि पावती आणली. दामाजीपंत सुटले.

माझी आई ही गोष्ट फार रंगवून सांगायची. देव महार झाला, यातच तिला आनंद. मी मोठा झालो, बाबासाहेबांची पुस्तके वाचू लागलो, तेव्हा या गोष्टीकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. दामाजीपंतांनी कोठार उघडले हे चांगलेच केले, त्यांची माणुसकी नाकारायचे कारण नाही. पण कोठारातले धान्य आले कोठून? ते शेतकऱ्यांच्या खळ्यावरून सारा म्हणून गेले होते. आणि देवाला दुष्काळात निरोप पोचवायचा होता तर रूप कोणाचे घेतले? ज्याच्यावर पिढ्यान्‌पिढ्या बिनपगारी सरकारी टपाल आणि ओझी वाहण्याची सक्ती होती, त्याचे. खरा विठू महार त्या दुष्काळात जगला की मेला, हे गोष्टीत कुठेच नाही. देवळाच्या भिंतीवर दामाजी आहेत, विठोबा आहे. महाराची फक्त घोंगडी आहे.

या दोन गोष्टींनी आमच्या लोकांना काय शिकवले? दुष्काळ देवाने द्यायचा, त्यातून सुटकाही देवाने करायची, किंवा एखाद्या दयाळू अधिकाऱ्याने करायची. आपण फक्त वाट पाहायची. बरे, आपल्या लोकांनीही आपली एक गोष्ट जपली होती, ती बावन्न हक्कांची. बेदरच्या बादशहाने अमृतनाकाला बावन्न हक्कांची सनद दिली, अशी परंपरा आहे. ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाई. पण हक्क कसले? खळ्यावरच्या बलुत्याचा वाटा, मेलेल्या जनावराचे कातडे. म्हणजे पीक आले तर वाटा. पीक बुडाले की सर्वांत आधी कोणाचा वाटा बंद होणार? बलुतेदाराचा, आणि त्यातही महाराचा. शेतकऱ्याच्या पेवात थोडेफार राहायचे, महाराच्या घरात रोजची भाकरी रोज मागून यायची. मग दुष्काळात त्याच्याकडे उरायची ती मेलेली ढोरे. म्हणून तर बाबासाहेबांनी १९२८ साली कायदे मंडळात महार वतनाच्या विरोधात बिल आणले. शेवटी १९५८ च्या कायद्याने ही वतने गेली. त्यांना कळले होते की, ज्याला आपण हक्क म्हणून कुरवाळतो तोच आपल्याला दुष्काळात पहिला मारतो.

जोतीराव काय म्हणाले

१८७६ ते ७८ या काळात दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. सोलापूर जिल्हा होरपळून निघाला. इंग्रज सरकारने दुष्काळी कामे काढली, पण खर्च वाचवण्यासाठी मजुरी कमी केली. दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी, आणि वर किरकोळ पैसे. त्या वेळी हजारो मजुरांनी कामे सोडून दिली. मी गिरणी कामगार असल्यामुळे हे वाचले तेव्हा अंगावर काटा आला. संप हा शब्द ज्यांनी ऐकला नव्हता त्या उपाशी माणसांनी केलेला तो संपच होता.

त्याच दुष्काळात महात्मा फुले आणि सावित्रीबाई यांनी सत्यशोधक समाजातर्फे अन्नछत्रे चालवली, पुण्याजवळ धनकवडीला पोरक्या मुलांसाठी आश्रम काढला. सावित्रीबाईंनी २० एप्रिल १८७७ रोजी ओतूरहून जोतीरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. त्यात त्यांनी दुष्काळ तर सांगितलाच, पण सावकारांचे वागणेही सांगितले. म्हणजे पाऊस नाही एवढे म्हणून त्या थांबल्या नाहीत. कमी पावसात कोण आणखी श्रीमंत होतो आहे, तेही त्यांनी पाहिले.

पुढे १८८३ साली जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात त्यांनी देवाचा कोप वगैरे सांगितले नाही. जंगल खात्याने गायराने आणि कुरणे हिरावली, डोंगरउतारावरचा पालापाचोळा व माती शेतात यायची ती वाहून जाऊ लागली, असे कारण मांडले. आणि उपाय सांगितला की, रिकाम्या बसलेल्या पलटणी व पोलीस लावून ताली, बांध, बंधारे घालावेत, पाणी जमिनीत मुरवावे. आज पाणलोट क्षेत्र विकास म्हणून जे शिबिरांत शिकवतात, ते १४० वर्षांपूर्वी आपल्या राष्ट्रपित्याने लिहून ठेवले होते! दुष्काळाची गोष्ट बदलली की उपाय बदलतो. कोप म्हटले की नवस. मातीचे आणि सत्तेचे कारण म्हटले की बांध.

गिरणीतले पाणी

दुष्काळाने गावे फोडली आणि माणसे गिरण्यांकडे ढकलली. मुंबईची पहिली कापड गिरणी १८५० च्या दशकात निघाली. सोलापूरची जुनी गिरणी त्याच दुष्काळात, १८७७ साली सुरू झाली. भुकेल्या माणसाला कारखान्याचा भोंगा म्हणजे आधारच वाटला असणार.

पण गाव सुटला तरी पाणी सुटले नाही. कताई खात्यात आपले लोक होते. विणकाम खात्यात मात्र त्यांना प्रवेश नव्हता, आणि पगार तर विणकाम खात्यात जास्त. कारण काय? कांडी बदलली की धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढावे लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा दुसरा कामगार कसा घेणार? १९२८-२९ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनपुढे ठणकावून मांडला. गिरण्यांत पिण्याच्या पाण्याची भांडीही वेगळी असत. मी लागलो तोपर्यंत हे गेले होते. पण आमच्या खात्यातले एक म्हातारे जॉबर, जेवणाच्या सुट्टीत नळावर सगळे एकत्र पाणी प्यायला लागले की, मुद्दाम थांबून बघत. म्हणायचे, "हे एवढं मिळवायला फार वर्षं लागली रे बाळांनो."

महाडचे तळे आणि रोहिणी नदी

आता आपल्या स्वतःच्या गोष्टींकडे येऊ. १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदे मंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मांडून मंजूर करून घेतला. महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला. पण कागदावरच्या ठरावाने कोणाची तहान भागते? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. सनातन्यांनी १०८ घागरी पंचगव्य तळ्यात ओतून तळे शुद्ध केले! खटला चालला तो दहा वर्षे. १९३७ साली हायकोर्टाने निकाल आपल्या बाजूने दिला. पाणी ओंजळीत घ्यायला एक क्षण लागला आणि ते कायद्याने आपले व्हायला दहा वर्षे लागली.

दुसरी गोष्ट रोहिणी नदीची. सिद्धार्थाने गृहत्याग का केला? जुनी गोष्ट अशी की, त्याने म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहिला. बाबासाहेबांनी विचारले, एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोपर्यंत म्हातारा पाहिलाच नव्हता, हे कसे शक्य आहे? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी वेगळे कारण मांडले. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणीच्या पाण्यावरून तंटा झाला. शाक्य संघाने युद्धाचा ठराव केला. सिद्धार्थाने विरोध केला. युद्धाने प्रश्न सुटणार नाही, दोन्ही बाजूंची माणसे नेमून चौकशी करा, असे त्याने सुचवले. बहुमत विरुद्ध गेले आणि त्याने परिव्रज्या पत्करली.

हे किती मोठे आहे ते लक्षात घ्या. आपल्या धम्माच्या उगमाशी पाण्याच्या वाटणीचा प्रश्न आहे. आणि आपल्या मुक्तिलढ्याच्या उगमाशी, महाडला, तोच प्रश्न आहे. दामाजीपंतांच्या गोष्टीत दुष्काळाला उत्तर म्हणजे दया. चवदार तळ्याच्या आणि रोहिणीच्या गोष्टीत उत्तर म्हणजे न्याय आणि वाटप. बाबासाहेब १९४२ ते ४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर मंत्री होते. तेव्हा दामोदर खोऱ्याची योजना त्यांच्याच खात्याकडे होती. १९४५ साली कटकच्या परिषदेत त्यांनी सांगितले की, पाणी जास्त आहे म्हणजे संकट आहे असे समजणे चूक आहे, पाणी ही संपत्ती आहे, ती साठवून वापरली पाहिजे. पुराकडे कोप म्हणून न पाहता संपत्ती म्हणून पाहणारा हा आपला माणूस!

बहात्तरचा दुष्काळ

१९७२ च्या दुष्काळात मी तीन वर्षांचा होतो. मला काही आठवत नाही. आई सांगायची, सलग दोन-तीन वर्षे पावसाने दगा दिला होता. सरकारने कामे काढली, खडी फोडणे, रस्ते, नालाबंडिंग, पाझर तलाव. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा हा काळ. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर जवळजवळ ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. आई मला पाठुंगळी बांधून खडी फोडायची. परदेशी लाल मिलो खायला, आणि सुकडी. "त्या मिलोची भाकरी पोटात दगडावाणी बसायची," असं ती म्हणायची.

पण तिने आणखी एक सांगितले होते ते विसरण्यासारखे नाही. पाझर तलाव बांधला आमच्या बायकांनी. पाणी मुरले ते तलावाखालच्या विहिरींत. विहिरी कोणाच्या? ज्यांना जमिनी होत्या त्यांच्या. आमच्या वाट्याला हजेरीपत्रकावरचा अंगठा आला. भूमिहीनांना जमीन मिळावी म्हणून दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली केवढे सत्याग्रह केले! ती जमीन सर्वांना मिळाली असती तर त्या तलावाचे थोडे पाणी आमच्याही पिकाला आले असते. त्या काळात डॉ. बाबा आढाव गावोगावी 'एक गाव एक पाणवठा' सांगत फिरत होते. म्हणजे पाण्याचा तुटवडा होता, आणि होते ते पाणीसुद्धा जातीच्या हद्दीत अडकलेले होते.

आता गावी गेलो की लोक म्हणतात, बहात्तरला अन्न नव्हतं पण पाणी होतं, आता अन्न आहे पण पाणी नाही. खरेच आहे. बहात्तरनंतर बोअर आले, ज्याच्याकडे पैसा तो खोल गेला. उजनी धरण झाले, कालव्यावर ऊस आला. राज्याच्या पिकाखालील क्षेत्रापैकी चार टक्क्यांहून कमी जमिनीवर ऊस आहे आणि सिंचनाचे जवळजवळ ७० टक्के पाणी तो पितो, असे केंद्राच्या कृषिमूल्य आयोगाने म्हटले आहे. आणि आमच्या तालुक्याच्या दक्षिणेकडच्या ३५ गावांचा पाणीप्रश्न निवडणुकीमागून निवडणूक गाजत राहिला. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, पहिल्या फेरीत ५ लाख लिटर. त्याआधी तिथे पाणवठ्यांवर जमावबंदी लावावी लागली होती. हा सगळा दोष पावसाचाच काय?

हवामान बदलते आहे म्हणजे काय

कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून हवेत कार्बन वायू साठला आणि पृथ्वीचे सरासरी तापमान दीडशे वर्षांपूर्वीपेक्षा एक अंशाहून जास्त वाढले. हवा एक अंश तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. म्हणून पाऊस पडतो तेव्हा धो धो पडतो आणि मधले खंड लांबतात. मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात अतिमुसळधार पावसाचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले, असा अभ्यास प्रसिद्ध झाला आहे. त्यात आपला महाराष्ट्रही येतो. जुलै २०२१ मध्ये आपल्या महाडला सावित्रीच्या पुराने वेढले. त्याच तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गाडली गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये दुष्काळी म्हणवणाऱ्या मराठवाड्यात आणि आमच्या सोलापुरात सीना नदीला महापूर आला. ज्यांनी आयुष्यभर टँकरची वाट पाहिली त्यांच्या घरात कमरेएवढे पाणी.

हा धूर कोणी केला आणि भोगतो कोण, याचा हिशेब आपल्या गल्लीतूनही कळतो. आपल्या किती घरांत गाडी आहे, किती घरांत वातानुकूलित यंत्र आहे, मोजून बघा. आणि पत्र्याखाली मे महिन्यात दुपारी किती जण झोपू शकतात, तेही मोजा.

२६ जुलै आणि विहाराचे जोते

२६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि कुलाब्याला अवघा ७४ च्या आसपास. मी पहिली पाळी करून निघालो तो छातीएवढ्या पाण्यातून रात्री वस्तीत पोचलो. बायका-मुले विहाराच्या माळ्यावर होती.

पाणी ओसरल्यावर शहरात एक गोष्ट पसरली. मिठी नदी झोपडपट्टीवाल्यांनी तुंबवली, त्यांच्या प्लास्टिकच्या पिशव्यांनी मुंबई बुडवली. कचरा होता, आपणही टाकत होतो, हे कबूल करू. पण विमानतळाच्या धावपट्टीसाठी नदी काटकोनात वळवली ती आपण काय? वांद्रे-कुर्ला संकुलासाठी खाडीची दलदल आणि तिवरे भरून काढली ती आपण काय? नाले रुंद करायचा 'ब्रिमस्टोवॅड' अहवाल १९९३ सालचा, तो बारा वर्षे फायलीत राहिला तो कोणामुळे? पण गोष्ट आपल्यावर रचली गेली म्हणून उपायही आपल्यावरच आला. नदी रुंद करायची म्हटले की आधी झोपडी तुटते. आणि सगळे शहर नाक दाबून बसले असताना गाळ आणि मेलेली जनावरे उचलणारे हात कोणाचे होते, हे मी सांगायला नको.

ही झाली दुसऱ्यांनी आपल्याविषयी सांगितलेली गोष्ट. पण आपणही एक गोष्ट रचली आहे, आणि ती मला बोचते. आपल्या वस्तीत सांगतात की, त्या दिवशी पाणी विहाराच्या शेवटच्या पायरीपर्यंत आले आणि भगवान बुद्धांच्या मूर्तीपाशी थांबले. चमत्कार झाला! माझी नातही शाळेत हेच सांगून आली.

बंधू-भगिनींनो, मूर्तीने पाणी थांबवले नाही. १९९८ साली विहार नव्याने बांधले तेव्हा आपल्या जुन्या कार्यकर्त्यांनी हट्ट धरून जोते अडीच फूट उंच केले. त्यांनी नदीला पूर्वी आलेले पाणी पाहिले होते, भिंतीवरची खूण दाखवली होती. तेव्हा काही जण म्हणाले, कशाला खर्च वाढवता? गिरणी कामगारांनी फंडातून उचल काढून ते पैसे भरले, बायकांनी विटा वाहिल्या. पाणी थांबले ते त्या अडीच फुटांमुळे. चमत्कार म्हटले की त्या माणसांचे नाव जाते, त्यांची अक्कल जाते, आणि पुढे काय करायचे तेही जाते. विहाराला चिकटून असलेली आपली बालवाडी आजही जमिनीच्या पातळीवर आहे. वीस वर्षांत तिचे जोते कोणी उचलले नाही. कारण बुद्ध आहेत ना, पाणी थांबेल! ज्या बुद्धांनी स्वतःला मोक्षदाता म्हणवून घेतले नाही, मार्गदाता म्हटले, त्यांच्या नावावर आपण हे खपवावे?

एक कबुली

शेवटी माझीच एक गोष्ट सांगतो. २०१३ साली मराठवाड्यात दुष्काळ होता. जालन्याकडची सात-आठ कुटुंबे नाल्याच्या कडेला येऊन राहिली. मातंग होती, दोन घरे पारध्यांची होती. आमच्या गल्लीच्या नळ कमिटीची वही तेव्हा माझ्याकडे होती. एके सकाळी एक म्हातारी दोन हंडे घेऊन आली. म्हणाली, "भाऊ, दोन हंडे भरू द्या."

मी म्हणालो, "मावशी, नियम आहे. २००० नंतरच्या झोपडीला पाणी देता येत नाही. उद्या आमचा नळ तोडतील."

ती भांडली नाही. हंडे उचलले आणि म्हणाली, "आमच्या गावाला बी विहीर हाय. तिथं बी असंच नियम सांगत्यात."

त्या दिवशी संध्याकाळी विहारात माझे महाड सत्याग्रहावर भाषण होते. मी ते भाषण केले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारी खाली रस्त्यावर टँकरवाल्याशी घासाघीस करीत होती, ती मला खिडकीतून दिसत होती.

पुढे डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई हायकोर्टाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर निकाल दिला की, झोपडी कोणत्याही सालची असो, पाणी मिळणे हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. ते निकालपत्र घेऊन आम्ही काही जणांनी त्या कुटुंबांचे अर्ज भरले. खेटे घालून घालून नळ आला. पण ती म्हातारी तोपर्यंत गावी परत गेली होती. तिचे नाव माझ्या वहीत नाही. नाव लिहायला ती आपल्या नळावरची नव्हती ना!

मी १०८ घागरी ओतणाऱ्यांना आयुष्यभर नावे ठेवली. पण हातात वही आली तेव्हा मी काय केले? उद्या पाऊस आणखी लहरी होईल, आणखी गावे उठतील, आणखी माणसे या नाल्याच्या कडेला येतील. तेव्हा आपण वस्तीवाले तळ्याच्या कुठल्या काठावर उभे राहणार, हा प्रश्न आहे.

म्हणून वर्धापन दिनाच्या निमित्ताने पुढील सर्वसाधारण सभेत मी चार गोष्टी मांडणार आहे, त्या इथे छापून ठेवतो. एक, विहाराच्या शिल्लक निधीतून कमान रंगवण्याआधी बालवाडीचे जोते तीन फूट उचलावे. दोन, विहाराच्या आवारातला नळ फाटकाबाहेर आणावा आणि तो भीम जयंतीपुरता नव्हे, बारा महिने सर्वांना खुला ठेवावा. तीन, प्रत्येक गल्लीतील म्हातारे, अपंग, बाळंतिणी यांची यादी पावसाळ्यापूर्वी करावी, त्यात नाल्याकडेची घरेही असावीत, आणि कोणी कोणाला माळ्यावर आणायचे ते ठरवावे. चार, २००५ च्या पाण्याची खूण विहाराच्या भिंतीवर कोरावी आणि तिच्याखाली १९९८ साली जोते उचलण्यासाठी ज्यांनी पैसे भरले त्यांची नावे लिहावीत, म्हणजे मुले चमत्काराऐवजी ती गोष्ट सांगतील.

यातले काही चुकत असेल तर सभेत उठून सांगा. पण सभेला या. आणि येताना नाल्याकडच्या एका घराला तरी सोबत घेऊन या.

नमो बुद्धाय! जयभीम!